जवानाचा दाखला देऊ नका, हिशोब द्या

मुनिरका, नवी दिल्ली
डिसेंबर २०२५

४ ऑगस्टला ओव्हलची कसोटी आपण सहा धावांनी जिंकली आणि इंग्लंडमधली मालिका २-२ अशी सुटली. त्यानंतर सुनील गावसकर बोलले. ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. देशासाठी खेळताना दुखणंखुपणं विसरायचं असतं आणि सीमेवरचा जवान कधी थंडीची तक्रार करतो का, असा त्यांचा सवाल.

गावसकर म्हणजे आमच्या घरचं दैवत. त्यांच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण साक्षीदार म्हणून जवानाचं नाव पुकारलं गेलंय, तर जवानाने उभं राहून साक्ष द्यायला हवी. आणि नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीला जे झालं त्यानंतर तर बोललंच पाहिजे. कारण आता पुन्हा तेच सुरू झालंय. संघ हरला की पोरांना शिव्या, ‘यांना आराम पाहिजे’ म्हणून टोमणे, आणि शेवटी तोंडी लावायला आम्ही. सियाचेनचा जवान बघा, तो घेतो का आराम?

तर ऐका. सियाचेनचा जवान आराम घेतो. घेतो म्हणजे त्याला घ्यायला लावतात, हुकूम देऊन.

ग्लेशियरला जाणारा जवान विमानातून उतरला की लगेच पाठीवर सामान घालून चढायला लागत नाही. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर चार दिवस, त्याच्यावर आणखी चार दिवस. असे चौदा दिवस शरीराला त्या हवेची सवय करून देतात. सुरुवातीचे दोन दिवस तर निव्वळ विश्रांती. मी केलंय हे सगळं. ‘उस्ताद, मी एकदम फिट आहे, मला आजच वर पाठवा’ म्हणणाऱ्याला तिथे शाबासकी मिळत नाही, शिव्या मिळतात. कारण घाई करून चढणाऱ्याच्या फुप्फुसात पाणी भरतं आणि त्याला खाली आणण्यात चार जणांचा जीव धोक्यात येतो. वर पोस्टवर साधारण तीन महिने काढायचे, मग खाली. संत्रीला दोन तास झाले की बदली येते. फील्ड झाली की पीस पोस्टिंग. वर्षाला ६० दिवसांची रजा, वर कॅज्युअल वेगळी.

हे वर्कलोड मॅनेजमेंट नाही तर दुसरं काय आहे? फक्त आमच्याकडे ते सीएचएमच्या वहीत ड्यूटी रोस्टर म्हणून लिहिलेलं असतं, आणि त्यावर कुणी टीव्हीवर चर्चा करत नाही.

जवान थंडीची तक्रार करत नाही, कारण तक्रारीची वेळ येण्याआधी कुणीतरी त्याचा विचार केलेला असतो. जिथे केला नाही तिथे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. १९६२ साली सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात चढवलेल्या पलटणींनीही तक्रार केली नव्हती. लढले आणि मेले. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकतेच, पण त्यांना तसं पाठवणाऱ्यांचा दोष त्यामुळे धुतला जात नाही. मँचेस्टरला ऋषभ पंत मोडक्या पायाने बॅटिंगला उतरला आणि अर्धशतक करून गेला. मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण मोडका पाय घेऊन माणूस उतरेल, या भरवशावर जो कमांडर योजना आखतो त्याच्या हाताखाली मला काम करायचं नाही. तुम्हालाही नसेल.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की विश्रांतीला शिव्या घालू नका. चाहत्यांचा राग मला कळतो, मीही चाहताच आहे. पण राग चुकीच्या माणसावर निघतोय.

जसप्रीत बुमराचंच घ्या. २४ मेला अजित आगरकरांच्या निवड समितीने इंग्लंडचा संघ जाहीर केला तेव्हाच स्पष्ट झालं होतं की तो पाचही कसोटी खेळणार नाही. पुढे तीन खेळणार, असा आकडाही जगजाहीर झाला. तो लीड्सला खेळला, आपण हरलो. लॉर्ड्सला खेळला, २२ धावांनी हरलो. मँचेस्टरला खेळला, सामना अनिर्णित. एजबॅस्टनला बसला, तर आपण ३३६ धावांनी जिंकलो आणि त्याच्या जागी आलेल्या आकाश दीपने सामन्यात दहा बळी घेतले. ओव्हलला बसला, तिथेही जिंकलो. मग ‘बुमरा बसला म्हणून हरलो’ हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? बदली जवान तयार असेल तर विश्रांतीने काही बिघडत नाही, हेच त्या मालिकेने दाखवलं.

त्याआधीचा ऑस्ट्रेलियाचा दौरा आठवा. पाच कसोटींत १५१.२ षटकं, ३२ बळी. बाकीचा संघ कोसळत होता आणि हा एकटा खांद्यावर घेऊन चालला होता. सिडनीला दुसऱ्या दिवशी पाठ गेली, दुसऱ्या डावात एक चेंडू टाकता आला नाही, मालिका ३-१ ने गेली. पुढे चॅम्पियन्स ट्रॉफीही त्याला हुकली. या पाठीवर २०२३ साली शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा माणसाला ‘देशासाठी दुखणं विसर’ म्हणणं सोपं आहे. पाठ आपली नसते ना.

मग माझं भांडण कुणाशी आहे? भांडण आहे रोस्टर बनवणाऱ्याशी.

लोक म्हणतात, आयपीएलला बरा थकत नाही. यात तथ्य आहे, पण लोक समजतात ते नाही. २०२५ च्या आयपीएलमध्ये बुमरा मुंबई इंडियन्ससाठी १२ सामने खेळला. सामन्याला जास्तीत जास्त चार षटकं धरली तर दोन महिन्यांत ४८. लीड्सच्या एकाच कसोटीत त्याने दोन्ही डाव मिळून ४३.४ षटकं टाकली. म्हणजे दोन महिन्यांचं काम पाच दिवसांत. १ जूनला अहमदाबादला क्वालिफायर-२ खेळला आणि २१ जूनला लीड्सला नवा चेंडू हातात. मध्ये एकोणीस दिवस.

फौजीला हे समजावून सांगायला नको. रिक्रूटला पहिल्याच आठवड्यात ४० किलोमीटरचा रूट मार्च देत नाहीत. आधी दहा, मग वीस, मग तीस. अंगावरचं वजनही हळूहळू वाढवतात. शरीर कामाने मोडत नाही तितकं अचानक वाढलेल्या कामाने मोडतं, हे प्रत्येक पीटी उस्तादाला ठाऊक आहे. मग दोन महिने चार-चार षटकांची सवय लावून एकदम कसोटीत ढकलायचं, आणि पाठ दुखली की ‘दोन कसोटी बस’ म्हणायचं, याला नियोजन म्हणायचं का? विश्रांती नेहमी कसोटीतूनच का कापली जाते? आयपीएलमधले चार सामने का नाही? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आयपीएलचा सामना सोडला तर फ्रँचायझी पैशांचा हिशोब मागते. कसोटी सोडली तर हिशोब मागणारे तुम्ही-आम्हीच, आणि आपल्याला विचारतो कोण.

आता शुभमन गिलचं वेळापत्रक बघा. २८ सप्टेंबरला दुबईत आशिया कपचा अंतिम सामना. चौथ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. १० तारखेपासून इथे दिल्लीत कोटलाला दुसरी. तिथे फॉलोऑन दिल्यावर वेस्ट इंडिजने दुसऱ्या डावात ११८.५ षटकं खेळून काढली आणि सामना १४ तारखेच्या पाचव्या सकाळपर्यंत गेला. १९ ऑक्टोबरला पर्थ, एकदिवसीय. मग अ‍ॅडलेड, सिडनी, कॅनबेरा, मेलबर्न, होबार्ट, गोल्ड कोस्ट आणि ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेन. १४ नोव्हेंबरला कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी. ४८ दिवस, बारा शहरं, तीन प्रकारचं क्रिकेट, त्यात कसोटी आणि एकदिवसीयची कप्तानी. १५ तारखेला तिसऱ्याच चेंडूवर स्वीप मारताना मान धरली आणि तो बाहेर गेला. मी डॉक्टर नाही, मान दमल्यामुळेच धरली असं म्हणणार नाही. पण एवढं धावपळीचं कॅलेंडर पाहिल्यावर ज्याने ते बनवलं त्याला विचारायला हवं की नको?

कोलकात्याला पुढे काय झालं ते लिहायचीही लाज वाटते. १२४ धावा हव्या होत्या, ९३ मध्ये आटोपलो. खेळपट्टी आम्ही मागितली तशीच होती, असं प्रशिक्षक गौतम गंभीर स्वतः म्हणाले. म्हणजे खड्डा आपणच खणला आणि आपणच पडलो. वॉशिंग्टन सुंदरला तिथे तिसऱ्या क्रमांकावर पाठवला आणि आठवड्याभराने गुवाहाटीला आठव्यावर. सिग्नलच्या जवानाला आज मशीनगनवर बसवायचं आणि उद्या लंगरमध्ये, मग विचारायचं की हा स्थिरावत का नाही.

गुवाहाटीची जखम मात्र वेगळी आहे, आणि ती मला मुनिरक्यात राहिल्यामुळे जास्त जाणवली.

ज्यांनी दिल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुनिरका हे टोकस जाटांचं जुनं गाव, आता शहराच्या पोटात गेलेलं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या बाल्कन्या एकमेकींना टेकतात, ऊन पाहायचं तर गच्चीवर जावं लागतं. जेएनयू जवळ असल्याने विद्यार्थी पुष्कळ, आणि ईशान्येकडची पोरंपोरी तर एवढी की काही गल्ल्यांमध्ये हिंदीपेक्षा त्यांच्याच भाषा जास्त कानावर येतात. मी राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर आसामची चार मुलं आहेत. मी त्यांचा ‘भैया’. ऑक्टोबरमध्ये तिनसुकियाला रणजीत आमच्या सर्व्हिसेसच्या अर्जुन शर्मा आणि मोहित जांगराने आसामच्या एकाच डावात दोन हॅट्‌ट्रिक घेतल्या. रणजीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. तेव्हापासून मी त्या मुलांना रोज चिडवायचो.

२२ नोव्हेंबरला गुवाहाटीत पहिल्यांदाच कसोटी होती. तिकडे सूर्य लवकर मावळतो म्हणून सामना नऊला सुरू, आणि आधी चहा, मग जेवण. या उलट्या क्रमाचीही त्या मुलांना केवढी अपूर्वाई! ज्यांना या शहरात रोज कुणीतरी ‘तुम्ही कुठल्या देशाचे’ विचारतं, त्यांच्या गावात भारताचा संघ कसोटी खेळणार होता. मुलांनी टीव्ही भाड्याने आणला, शेजारच्यांना चहा पाजला. पाचव्या दिवशी आपण ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. मुलं काही बोलली नाहीत, टीव्ही परत देऊन आली. त्यांच्यापैकी एकाने एवढंच विचारलं, ‘भैया, आमच्याकडे आले आणि असे का खेळले?’

याचं उत्तर देण्याची जबाबदारी कुणाची आहे? माझी तर नक्कीच नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून घरच्या सात कसोटींपैकी पाच आपण हरलो. बेंगळुरूला ४६ वर बाद झालो. पुण्यात, आपल्या पुण्यात, मिचेल सँटनरने तेरा बळी घेतले आणि बारा वर्षांत घरी न हरलेली मालिका तिथे गेली. वानखेडेवर १४७ करता आल्या नाहीत. न्यूझीलंडकडून ३-०, दक्षिण आफ्रिकेकडून २-०. तेरा महिन्यांच्या आत घरी दोनदा धुऊन निघालो. आणि चौकशी?

फौजेत एक रायफल हरवली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. जीप दरीत गेली तरी बसते. कुणाला फासावर द्यायला नव्हे. काय झालं, कुणी काय हुकूम दिला, पुढे काय बदलायचं हे कागदावर यायला. आणि सैनिक संमेलनात साधा शिपाईही उभा राहून सीओ साहेबांना विचारू शकतो, ‘साहेब, रजेचा नंबर का मागे पडला?’ साहेबांना उत्तर द्यावं लागतं, सगळ्या पलटणीसमोर. गुवाहाटीनंतर प्रशिक्षक म्हणाले की दोष सगळ्यांचा, सुरुवात माझ्यापासून. ठीक. लगेच इंग्लंडची आणि चॅम्पियन्स ट्रॉफीची आठवण करून दिली, आणि आपलं पुढे काय ते बोर्ड ठरवेल म्हणाले. बोर्ड काय म्हणालं? आमच्यापर्यंत तरी काही आलं नाही.

बोर्डाला बोलता येत नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात हरल्यावर जानेवारीत दहा कलमांचं फर्मान निघालं होतं. देशांतर्गत क्रिकेट खेळायचंच, सामान किती न्यायचं, कुटुंब किती दिवस बरोबर ठेवायचं. रोहित शर्मा मुंबईकडून रणजी खेळला. विराट कोहली २०१२ नंतर पहिल्यांदा दिल्लीकडून उतरला, कोटला सकाळपासून गर्दीने फुलून गेलं. चांगलंच झालं. पण दहाही कलमं खेळाडूंसाठी. वेळापत्रक बनवणाऱ्यासाठी एकही नाही. आमच्याकडे असं म्हणतात की कंपनी ढिली दिसली तर आधी कंपनी कमांडरचा पट्टा तपासावा.

हे आजचंच आहे असंही नाही. १९५८-५९ साली वेस्ट इंडिजचा संघ आला होता. पाच कसोटींत आपले चार कप्तान झाले: पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड, आणि शेवटी दिल्लीत हेमू अधिकारी. मद्रासच्या सामन्याआधी संघनिवडीत बोर्डाच्या अध्यक्षांनी हात घातला म्हणून उम्रीगरांनी कप्तानीच नाकारली. कोलकात्याला एक डाव ३३६ धावांनी मार खाल्लेला. ३-० ने मागे असलेला, फाटका संघ कोटलावर कुणाच्या हाती दिला? एका फौजी अफसराच्या. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी ६३ आणि ४० धावा करून, तीन बळी घेऊन तो सामना अनिर्णित राखून गेले. तेच अधिकारी १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून इंग्लंडला गेले आणि आपण तिथली पहिली मालिका जिंकून आलो. पोरांकडून कसून मेहनत घेण्यासाठी ते प्रसिद्ध होते. फौजेतून काही घ्यायचंच असेल तर ते अधिकाऱ्यांकडून घ्या. थंडीत कुडकुडण्याचा दाखला नको.

घ्यायचं म्हणजे काय, तेही सांगतो. रोस्टर वर्षाच्या सुरुवातीला बनवा, आणि त्यात आयपीएलही धरा. ज्याला कसोटीसाठी जपायचंय त्याला एप्रिल-मेमध्येही जपा. पण कोण कुठली कसोटी खेळणार नाही हे समोरच्या संघाला दोन महिने आधी सांगू नका. आपल्या तोफांचं वेळापत्रक कुणी शत्रूला छापून देतं का? बदली जवान रणजीतून घडवा आणि घडलेल्याला वापरा. मोहम्मद सिराजने इंग्लंडमध्ये पाचही कसोटींत १८५.३ षटकं टाकली. एकाला जपण्याचा सगळा बोजा दुसऱ्याच्या पाठीवर टाकला, तर उद्या तीही पाठ जाईल. आणि हरल्यावर चौकशी करा, तिचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवा. तिकीट आम्ही काढतो, टीव्हीचं बिल आम्ही भरतो, एवढा तरी हक्क असावा.

काही माजी सैनिक मित्र म्हणतील, ‘अरे, कोट्यवधी कमावतात ते, त्यांची बाजू कशाला घेतोस?’ मी त्यांच्या पैशांची बाजू घेत नाही. हाड पैशाने जाड होत नाही एवढंच म्हणतो. आणि खरं सांगू, मला त्यांच्यापेक्षा आपली काळजी जास्त आहे. ‘जवान तक्रार करत नाही’ हे वाक्य आज क्रिकेटपटूला गप्प करायला वापरलं जातंय. उद्या ते जवानालाच गप्प करायला वापरलं जाईल. बूट निकृष्ट आले, रजा अडकली, पेन्शनचा कागद फिरत राहिला, आणि कुणी तोंड उघडलं की हेच वाक्य समोर येईल. आमची सहनशक्ती ही आमची कमाई आहे. दुसऱ्याच्या गलथानपणावर पांघरूण घालायला ती कुणी उसनी नेऊ नये. गावसकर साहेब, तुम्हालाही हात जोडून हीच विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र.